दुपारचे ऊन आणि दारातील गाडी

रत्नागिरी जिल्ह्याचे विजेशी असलेले नाते जुने आहे आणि ते सर्वस्वी सुखाचे आहे असे म्हणता येत नाही. चिपळूण तालुक्यातील पोफळी येथे, सह्याद्रीच्या पोटात, कोयनेचे पाणी जनित्रांवर पडू लागले त्याला साठ वर्षे होऊन गेली. गुहागर तालुक्यात अंजनवेलला उभा राहिलेला दाभोळचा प्रकल्प १९९९ साली वीज देऊ लागला आणि दोनच वर्षांत दराच्या वादात बंद पडला. पुढे २००५ मध्ये त्यासाठी वेगळी कंपनी स्थापन करावी लागली. जयगडला मुख्यतः आयात कोळशावर चालणारे १२०० मेगावॅटचे केंद्र आहे. जैतापूरच्या नियोजित अणुप्रकल्पावरून राजापूर तालुक्याने किती सभा आणि किती मोर्चे पाहिले, हे वाचकांना वेगळे सांगावयास नको.

या मोठमोठ्या नावांच्या शेजारी आता एक अगदी लहान वीजकेंद्र गुपचूप उभे राहू लागले आहे. त्याला धुरांडे नाही, जनित्राची घरघर नाही. सहा पॅनेल, एक इन्व्हर्टर आणि दोन्ही दिशांनी मोजणारा एक मीटर, एवढाच त्याचा संसार. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारची ‘पीएम सूर्यघर : मुफ्त बिजली योजना’ आली आणि तीन किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या घरगुती संचाला ७८,००० रुपयांपर्यंतचे अनुदान मिळू लागले. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० अशी ही रक्कम होते. त्यापुढे संच कितीही मोठा केला तरी अनुदान वाढत नाही. त्यामुळे मध्यमवर्गीय घरांत तीन किलोवॅटचा संच हेच जवळजवळ प्रमाण माप ठरले आहे. त्यास साधारण तीनशे चौरस फूट मोकळी, सावली नसलेली जागा लागते.

त्याच सुमारास अंगणात विजेवर चालणारी गाडी येऊ लागली. छतावर सूर्य आणि दारात गाडी अशी जोडी जमली की घरातील मंडळी कौतुकाने सांगू लागतात, “आमची गाडी उन्हावर चालते.” हे वाक्य ऐकावयास गोड आहे. ते कितपत खरे आहे, हे मात्र गाडीचा प्लग घड्याळात किती वाजता लावला जातो यावर अवलंबून असते, आणि बहुतेक घरांत तो रात्री नऊ-दहा वाजता, दुकान किंवा कचेरी आटोपून आल्यावर लावला जातो. त्या वेळी छतावरील पॅनेल काळ्या पाटीसारखे निश्चल असते.

मग रात्री गाडीत शिरणारी वीज कोणाची? तारेतून येणाऱ्या विजेवर शिक्का नसतो. ती पोफळीची असेल, जयगडची असेल किंवा चंद्रपूरच्या कोळशाची. महावितरणच्या हिशेबात मात्र ती दुपारी दिलेल्या विजेची परतफेड असते. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या २०१९ च्या विनियमांप्रमाणे नेट मीटर बसवलेल्या घरगुती ग्राहकाने दिवसा जितकी युनिटे वाहिनीत सोडली, तितकी त्याच्या वापरातून वजा होतात. महिन्याअखेरीस उरलेली युनिटे पुढील महिन्यात ओढली जातात. म्हणजे सारी वाहिनी ही जणू घराची बॅटरी, आणि तिचे भाडेही नाही. इतकी उदार व्यवस्था असताना दुपारीच गाडी चार्ज करण्याचा अट्टहास कशाला, असा प्रश्न एखाद्या व्यवहारी गृहस्थाने विचारला तर तो चुकीचा नाही. त्याचे उत्तर देण्यापूर्वी हिशेबाची वही उघडणे बरे.

समजा, रत्नागिरी शहरातील एका कुटुंबाचा घरगुती वापर महिन्याला २०० युनिटांचा आहे. लहान इलेक्ट्रिक गाडी एका युनिटात सात किलोमीटरच्या आसपास जाते. चार्जिंगमधील थोडी गळती धरून महिन्याला हजार किलोमीटरसाठी सुमारे १५० युनिटे लागतात. एकूण ३५० झाली. आता महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे पाहावेत : पहिली १०० युनिटे स्वस्त, १०१ ते ३०० मधील युनिट सुमारे दुप्पट महाग आणि ३०० च्या पुढे त्याहूनही अधिक. घराने आधीच पहिला टप्पा संपवलेला असल्यामुळे गाडीसाठी लागणारे प्रत्येक युनिट महाग टप्प्यातूनच येते. सौर संच नसेल तर या १५० युनिटांचा खर्च शुल्क-करांसह दोन हजार रुपयांच्या घरात जातो. त्याच हजार किलोमीटरांना पेट्रोल गाडी साठ लिटरांहून अधिक इंधन पिते, म्हणजे सहा हजारांच्या पुढे. याचा अर्थ सौर संच नसतानाही गाडी परवडते. पण टप्प्यांच्या या रचनेमुळे सौर संचाने वाचवलेले युनिट हे नेहमी सर्वांत वरच्या, सर्वांत महाग टप्प्यातील असते. दोन लाखांच्या आत-बाहेरचा संच, त्यातून वजा जाणारे अनुदान, व्याज, आणि बहुधा एकदा तरी बदलावा लागणारा इन्व्हर्टर, हे सारे वीस वर्षांवर पसरले तरी छतावरील युनिट तीन-साडेतीन रुपयांच्या पलीकडे जात नाही. त्याने वाचवलेले युनिट त्याच्या तिप्पट किमतीचे असते. विक्रेते ज्याला ‘मोफत वीज’ म्हणतात ती अशी असते. तिला मोफत म्हणणे हिशेबी माणसाला शोभणारे नाही, पण ती स्वस्त आहे हे निर्विवाद.

येथपर्यंतचे गणित नागपुरात किंवा नाशकातही असेच सुटेल. कोकणात मात्र त्यात पाऊस शिरतो. तीन किलोवॅटचा संच एप्रिल महिन्यात चारशेच्या आसपास युनिटे देतो; जुलैत, आठ-आठ दिवस सूर्यदर्शन नसताना, तोच संच दोनशेच्याही खाली उतरतो. वर्षाची बेरीज चार हजारांच्या जवळ जाते आणि वर उल्लेखिलेल्या कुटुंबाची वर्षाची गरज बेचाळीसशे. कागदावर दोन्ही पारडी जवळजवळ समतोल. तरीही पावसाळ्यात वीजबिल येते आणि गृहस्थ चकित होतो.

यातील मेख तारखेत आहे. युनिटांची शिल्लक आर्थिक वर्षापुरतीच पुढे जाते. ३१ मार्चला वही बंद होते. उरलेली युनिटे आयोगाने ठरवलेल्या दराने, म्हणजे ग्राहक भरतो त्याहून बऱ्याच कमी दराने, विकत घेतली जातात आणि १ एप्रिलला शिल्लक शून्यावर येते. ऋतुचक्र आणि हिशेबाचे वर्ष यांची येथे गाठ जुळत नाही. एप्रिल-मे या दोन महिन्यांत जे थोडे साठते ते जूनच्या उत्तरार्धातच संपते. जुलै-ऑगस्टची तूट महाग टप्प्याच्या दराने भरावी लागते. मग दिवाळीनंतर स्वच्छ आकाशाखाली पुन्हा जे साठू लागते ते पुढच्या पावसाळ्यापर्यंत पोचतच नाही. हिशेबाचे वर्ष जर ऑक्टोबरमध्ये सुरू होऊन सप्टेंबरमध्ये संपले असते, तर कोकणातील ग्राहकाचे हे नुकसान झाले नसते. कोयनेच्या पाण्याचा हिशेब मात्र ऋतुचक्राला धरून १ जून ते ३१ मे असा ठेवला जातो. पाण्याला जे कळले ते कागदाला कळले नाही, इतकेच येथे म्हणता येईल.

यातून संच केवढा असावा याचे एक व्यावहारिक उत्तर निघते. जुलैची तूट भरून काढण्यासाठी पाच किलोवॅटचा संच घेणे हा सामान्य घराला फायद्याचा सौदा नाही, कारण जादा दोन किलोवॅटवर अनुदान नाही आणि त्यांनी हिवाळ्यात निर्माण केलेली शिल्लक मार्चअखेर कवडीमोलाने जाते. विक्रेता मोठा संच सुचवील. त्याला त्याचा व्यवसाय आहे. गाडी घेण्याचा विचार पक्का असेल तर मात्र संच बसवतानाच तिची युनिटे गृहीत धरावीत, कारण नंतर दोन पॅनेले वाढवणे म्हणजे मंजुरी, मीटर-तपासणी आणि कित्येकदा इन्व्हर्टरही पुन्हा नव्याने. आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये वीजबिलावरील शिल्लक युनिटांचा आकडा पाहावा. तो मोठा दिसत असेल तर गॅसऐवजी काही दिवस विजेची शेगडी वापरावी, कोल्हापूरची रखडलेली फेरी तेव्हाच करून यावी. आंबा घाट चढताना गाडी पुष्कळ वीज खाते खरी. पण परतताना दीड टनाची गाडी पाचशे मीटर खाली उतरते तेव्हा सुमारे दोन युनिटांइतकी ऊर्जा तिच्यातून मोकळी होत असते आणि तिचा बराच भाग मोटारच उलटी जनित्र होऊन बॅटरीत परत घालते. पेट्रोलची गाडी तीच ऊर्जा ब्रेकच्या उष्णतेत उधळून टाकते. घाटमाथ्यावर बॅटरी काठोकाठ भरलेली असल्यास तिला ही ऊर्जा घेता येत नाही, म्हणून घाट उतरण्यापूर्वी शंभर टक्के चार्ज करू नये.

आता मूळ प्रश्न : युनिटास युनिट परत मिळत असताना दुपारचीच वेळ का साधावी?

पहिले कारण असे की ही उदारता कायमची आहे असे समजण्यास आधार नाही. नेदरलँड्समध्ये वर्षानुवर्षे युनिटास युनिट देणारी हीच पद्धत होती. ती १ जानेवारी २०२७ पासून बंद करण्याचा कायदा तेथे झाला आहे. कॅलिफोर्नियात एप्रिल २०२३ नंतर आलेल्या नव्या सौर ग्राहकांना वाहिनीत सोडलेल्या विजेचे मोल पूर्वीच्या तुलनेत फारच कमी मिळते. दोन्हीकडे कारण एकच : दुपारी प्रत्येक छत वीज ओतू लागले, तेव्हा दुपारच्या विजेला गिऱ्हाईक उरेना. महाराष्ट्रातही वारे त्याच दिशेचे आहे. ज्यांना वेळेनुसार बदलणारा दर लागू आहे अशा ग्राहकांची वीज आधी त्या-त्या वेळेतील वापराशी वळती करावी आणि उरलेली स्वस्त वेळेतील समजावी, हे तत्त्व २०१९ च्या विनियमांतच आहे. स्मार्ट मीटर घरोघरी येतील तसे दुपारचे युनिट आणि रात्रीचे युनिट एका मापाने मोजले जाण्याचे दिवस सरत जातील. ज्या घराने दुपारी वापरण्याची सवय आधीच लावून घेतली, त्याला त्या दिवशी बिलाचा धक्का बसणार नाही.

दुसरे कारण पैशाचे नाही. संध्याकाळी सात ते दहा हा राज्याच्या विजेचा सर्वांत ओढाताणीचा काळ. सूर्य मावळलेला, घरोघरी दिवे, पंखे, दूरदर्शन संच, वातानुकूलन यंत्रे सुरू. त्या वेळी कोयनेची जनित्रे फिरवली जातात, कारण पाण्याचे केंद्र काही मिनिटांत सुरू करता येते. पण वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवावयाच्या पाण्यास लवादाने वर्षाला साडेसदुसष्ट अब्ज घनफुटांची मर्यादा घातलेली आहे. उरलेला भार कोळशावर. देशातील वाहिनीच्या एका युनिटामागे सरासरी सुमारे सातशे ग्रॅम कर्बवायू हवेत जातो. म्हणजे वाहिनीच्या विजेवर चालणारी गाडीही किलोमीटरमागे शंभर ग्रॅमच्या आसपास कर्बवायूची धनी असते. पेट्रोल गाडी दीडशेच्या जवळपास. सुधारणा आहे, पण जाहिरातीत दिसते तितकी नाही. दुपारी दोन वाजता स्वतःच्या छतावरून भरलेल्या गाडीच्या बाबतीत मात्र हा आकडा फारच खाली येतो, आणि संध्याकाळच्या ओढाताणीत तिची भर पडत नाही ती वेगळीच.

कोकणातील शहरांचा दिनक्रम या कामी मोठा सोयीचा आहे. मुंबईतील नोकरदार सकाळी आठला गाडी घेऊन बाहेर पडतो तो रात्रीच परततो. त्याच्या गाडीला घरचे ऊन सुटीखेरीज दिसत नाही. रत्नागिरीत अजूनही पुष्कळ दुकानदार दुपारी दुकान बंद करून घरी जेवावयास येतात, थोडी वामकुक्षी घेतात आणि उन्हे कलल्यावर परत जातात. हे दीड-दोन तास, आणि कित्येकांचे तीनही, नेमके छतावरील सर्वाधिक निर्मितीचे असतात. तीन किलोवॅटचा संच भर दुपारी सव्वादोन-अडीच किलोवॅट देतो. फ्रिज आणि पंखे तीन-चारशे वॅट घेतात. उरतात सुमारे दोन किलोवॅट. अडीच तासांत पाच युनिटे गाडीत गेली म्हणजे पस्तीस किलोमीटरची सोय झाली. महिन्याला हजार किलोमीटर हे रोजच्या तेहतीसांचेच दुसरे नाव. म्हणजे रत्नागिरीच्या दुकानदाराची शहरातील रोजची धाव त्याच्या वामकुक्षीच्या वेळात भरून निघते, आणि त्यासाठी कोणतेही महागडे यंत्र लागत नाही. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपण्याचा नेम ज्या घरांत आहे, तेथे घड्याळाआधी सूर्य पाहण्याची सवय असतेच. गाडीलाही तोच नेम लावावयाचा.

ज्यांना ही वेळ साधता येत नाही, परंतु गाडी मात्र दिवसभर घरी असते (निवृत्तांच्या घरी, किंवा जेथे दुसरी गाडी आहे तेथे), त्यांच्यासाठी शिल्लक पाहून चालणारे चार्जर मिळतात. घराच्या मुख्य तारेभोवती एक छोटी कडी बसवली जाते. वीज घरातून बाहेर निघाली की आत येत आहे, हे ती ओळखते, आणि बाहेर जाणाऱ्या विजेइतकाच प्रवाह चार्जर गाडीला देतो. मिक्सर सुरू झाला की प्रवाह कमी, थांबला की पुन्हा जास्त. यात एक अडचण जाणून घेण्यासारखी आहे. गाडी आणि चार्जर यांच्यातील संकेताप्रमाणे सहा अँपिअरपेक्षा कमी प्रवाहावर चार्जिंग होतच नाही. सहा अँपिअर म्हणजे सुमारे १.४ किलोवॅट. लहान संचावर ढग आला, शिल्लक एक किलोवॅटवर घसरली, की चार्जरला थांबावे तरी लागते किंवा उणे भागापुरती वीज वाहिनीतून घ्यावी तरी लागते. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या ढगाळ-उन्हाच्या खेळात तो दिवसातून पंचवीस वेळा सुरू-बंद होतो. तीन किलोवॅटच्या संचावर, युनिटास युनिट मिळत असेतोवर, असा चार्जर घेणे ही हौस आहे. त्याच्या किमतीत घराचे अर्थिंग आणि वायरिंग सुधारून घेता येईल. साध्या पंधरा अँपिअरच्या प्लगवर चालणारा, गाडीबरोबर मिळणारा चार्जर पुरतो. प्रवाह दहा अँपिअरवर आणण्याची सोय त्यात असेल तर ती वापरावी. छत जितके देते तितकेच गाडी घेते.

अर्थिंगचा उल्लेख ओघात आला, पण कोकणात तोच विषय सर्वांत कळीचा ठरतो. विजेची गाडी अर्थिंगच्या बाबतीत फ्रिज-मिक्सरांइतकी सोशिक नाही. अर्थिंग कच्चे असल्याचे दिसताच तिचा चार्जर लाल दिवा दाखवून काम नाकारतो. जांभ्याच्या कातळावर वसलेल्या घरांत ही वेळ वारंवार येते. पावसाळ्यात ओला जांभा वीज बऱ्यापैकी जमिनीत नेतो. एप्रिल-मेमध्ये तो हाडासारखा कोरडा होतो आणि ऑगस्टमध्ये ठीक असलेले अर्थिंग मे महिन्यात निकामी ठरते. म्हणून मोजमाप उन्हाळ्यात करून घ्यावे. सौर संच, वीज पडण्यापासून संरक्षण आणि घर, या प्रत्येकाचे स्वतंत्र अर्थिंग असावे. मे महिन्याच्या अखेरीचे वळीव आणि ऑक्टोबरचा परतीचा पाऊस या दोन काळांत कोकणात विजा कडाडतात तेव्हा छतावरील धातूची चौकट ही परिसरातील उंच वस्तू असते; लाटप्रतिबंधक यंत्रणा नसलेला इन्व्हर्टर एका रात्रीत जळून जाऊ शकतो. गाडीचा प्लग वळचणीखाली, पागोळ्या पडतात तेथे असू नये, आणि त्या प्लगासाठी मीटरपासून स्वतंत्र, जाड तार ओढलेली असावी. जुन्या घरातील पंख्याच्या तारेवरून जोड काढून गाडी लावणे म्हणजे भिंतीत रात्रभर निखारा ठेवणे. पंधरा अँपिअरचा साधा पंप तास-अर्धा तास चालतो. गाडी सहा-सात तास पूर्ण प्रवाह ओढत राहते, आणि सैल जोड असेल तर तो त्या वेळात वितळतो.

छताचेही असेच. कौलारू घरावर पॅनेल बसवता येते, पण वाशांचे वय आणि वाऱ्याचा जोर पाहूनच. खाऱ्या हवेत लोखंडी चौकट गंजते, तेव्हा ती जस्ताचा चांगला मुलामा दिलेली किंवा अॅल्युमिनिअमची असावी. अंगणातील माडाची सावली एका पॅनेलवर पडली तर एका माळेत जोडलेल्या साऱ्याच पॅनेलांची निर्मिती खालावते, आणि माडावरून नारळ पडला तर काय होते ते सांगावयास नको. माड तोडण्यापेक्षा पॅनेलची जागा बदलणे केव्हाही श्रेयस्कर. सूर्याच्या नावाखाली फळते झाड पाडण्यात शहाणपणा नाही. पाऊस पॅनेल धुऊन काढतो हा कोकणाचा फायदा. नोव्हेंबरपासून मेपर्यंत मात्र धूळ आणि पक्ष्यांची शीट महिन्यातून एक-दोनदा सकाळी, काच तापण्यापूर्वी, साध्या पाण्याने पुसावी.

सौर संचाविषयी सर्वांत मोठा गैरसमज वादळात उघडा पडतो. जून २०२० मधील ‘निसर्ग’ चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगड भागातील कित्येक गावे दिवसेंदिवस अंधारात होती. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ने रत्नागिरीच्या किनाऱ्याला झोडपले. अशा वेळी स्वच्छ ऊन पडलेले असताना, पॅनेल धडधाकट असताना, घरात एक दिवाही लागत नाही. वाहिनीतील वीज गेली की नेट मीटरचा साधा इन्व्हर्टर आपणहून बंद होतो. तो बिघाड नसून खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव वाचवणारी योजना आहे. छताने वीज सोडणे चालू ठेवले तर बंद समजून हात लावलेली तार जिवंत असेल. अंधारातही वीज हवी असेल तर बॅटरीसह चालणारा, घराला वाहिनीपासून तोडून घेऊ शकणारा संकरित इन्व्हर्टर घ्यावा लागतो आणि तो महाग पडतो. येथे गाडी अनपेक्षितपणे उपयोगी पडते. घरोघरी इन्व्हर्टरला जोडलेली १५० अँपिअर-तासांची बॅटरी पावणेदोन युनिटांच्या आसपास वीज साठवते. लहानात लहान इलेक्ट्रिक मोटारीच्या पोटात त्याच्या दसपट तरी असते. काही नव्या गाड्यांत ही वीज बाहेर काढून फ्रिज, पंखा, दिवे चालवण्याची सोय आहे. गाडी निवडताना किनारपट्टीवरील माणसाने छतावरच्या काचेच्या खिडकीऐवजी ही सोय आहे का ते आधी विचारावे. ज्येष्ठांची औषधे थंड ठेवावी लागतात अशा घरात वादळानंतरचे दोन दिवस तिच्यावर निभावतात.

आतापर्यंतचे सारे स्वतःचे छत असलेल्यांसाठी झाले. रत्नागिरी, चिपळूण, खेड येथे आज पुष्कळ कुटुंबे सदनिकांत राहतात. तेथे गच्ची सामाईक, वाहनतळ सामाईक आणि वादही सामाईक. सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांसाठी किलोवॅटमागे १८,००० रुपयांचे अनुदान आहे आणि ज्या सामाईक सोयींसाठी ते मिळते त्यांत वाहनांचे चार्जिंगही नमूद आहे. संस्थेच्या सभेत बहुधा भांडण होते ते पैशावरून नव्हे, तर “दोघांच्या गाड्यांसाठी साऱ्यांनी गच्ची का द्यावी” यावरून. आक्षेप रास्त आहे. वाहनतळावरील प्रत्येक प्लगला उपमीटर बसवून त्याचे वाचन दरमहा फलकावर लावले आणि दर संस्थेने ठरवला, तर त्यातून येणारी रक्कम उद्वाहन व पाण्याच्या पंपाच्या बिलात वळती होते आणि गाडी नसलेल्या सभासदाचाही मासिक आकार कमी होतो. दुपारी पंप चालवण्याची शिस्त तेवढी लावावी लागते. सामाईक मीटरवरून तोंडी परवानगीने तार ओढण्याची प्रथा मात्र सुरुवातीसच मोडावी. तिच्यातून आग आणि वैर दोन्ही लागते.

सह्याद्रीच्या पलीकडे, सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातील मान्याचीवाडी हे शंभरेक घरांचे गाव २०२४ मध्ये राज्यातील पहिले सौरग्राम म्हणून पुढे आले. कोयनेच्या परिसरातील एका वाडीने धरणाकडे न पाहता छपराकडे पाहावे, ही गोष्ट लक्षात राहण्याजोगी आहे. त्याच जिल्ह्यातील फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांनी विजेच्या रिक्षावर काम केले, त्याला पाव शतक होत आले. तेव्हा बाजारात इलेक्ट्रिक मोटार हे स्वप्नच होते. त्यांची दृष्टी मोठ्या गाडीकडे नव्हती, थोड्या ऊर्जेत अधिक माणसे कशी वाहता येतील याकडे होती. आजच्या खरेदीदाराने हे ध्यानी घेतल्यास बरे. विजेवरची दुचाकी तीन-साडेतीन युनिटांत शंभर किलोमीटरच्या आसपास जाते; छोटी मोटार त्याच अंतराला चौदा-पंधरा घेते; ऐसपैस, उंच, दोन टनांची गाडी वीसच्या वर. तीन किलोवॅटचे छत यांपैकी पहिल्या दोघींना सांभाळते. तिसरीला ते पुरत नाही.

संच बसवून झाल्यावर नेट मीटरच्या पडद्यावर आत आलेली आणि बाहेर गेलेली युनिटे वेगवेगळी दिसतात. पंधरा दिवस दुपारी बारा, तीन आणि रात्री नऊ वाजता हे आकडे एका वहीत टिपून ठेवले की घरात दुपारी नेमके किती उरते आणि गाडीचा प्लग केव्हा लावावा, याचे उत्तर विक्रेत्याला न विचारता मिळते. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात वायरमनला बोलावून अर्थिंग मोजून घ्यावे, चौकटीचे बोल्ट घट्ट करून घ्यावेत आणि त्या दिवसाची नोंदही त्याच वहीत करावी.